गृहीत निर्गमन

जे माणूस बाहेर गेलेच नाही, ते आत कसे येईल?

कौस्तुभ ढमढेरे याला हा प्रश्न पडला तेव्हा त्याच्या समोरच्या पडद्यावर त्याच्या पत्नीची पावले उमटलेली होती. गुरुवारी सायंकाळी रेवती मांडव्याच्या पादपुलावरून बाह्यवलय ओलांडून शहरात आली होती. त्याच्या आधीच्या गुरुवारी आली होती आणि त्याच्याही आधीच्या. आत येण्याची प्रत्येक नोंद स्पष्ट होती. बाहेर जाण्याची नोंद मात्र एकही नव्हती.

यंत्र चुकले असेल, हा विचार त्याच्या मनात आला; पण तो दारातूनच परत गेला. बाह्यवलयावर संशय घेण्यापूर्वी त्याने बायकोवर संशय घेतला, आणि यात काही विपरीत आहे असे त्याला वाटलेही नाही. त्याची नोकरीच तशी होती.

सिद्धनगराला वळसा घालणारा तो महामार्ग लोकांच्या तोंडी ‘रिंगरोड’ होता, कागदोपत्री ‘बाह्यवलय’. तो बांधताना त्याच्या कडेने जमिनीत काचेचा एक तंतू पुरला होता, तो केवळ रस्त्याची प्रकृती कळावी म्हणून. या तंतूच्या एका टोकातून प्रकाशाचे स्पंद सोडतात. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात अतिसूक्ष्म विषमता राहतेच, आणि तिच्यावर आपटून प्रकाशाचा किंचित अंश मागे परततो. वरून ट्रक जावो, डांबराला तडा पडो की कोणी अनवाणी चालत जावो, जमीन कंप पावते, तंतू ताणला जातो आणि परतणाऱ्या प्रकाशात फरक पडतो. प्रकाशाला परतायला किती वेळ लागला यावरून जागा कळते. फरक कोणत्या जातीचा आहे यावरून कारण कळते. काचेचा एक धागा अशा रीतीने हजारो कानांचे काम करू लागला.

कान मिळाले की ऐकण्याची सवय लागते. आरंभी प्राधिकरणाचा श्रवणकक्ष फक्त तडे ऐकत असे. पुढे असे दिसून आले की प्रत्येक माणसाची टाच टेकण्याची, भार पुढे नेण्याची, पाय उचलण्याची रीत त्याच्या आवाजाइतकीच स्वतःची असते. मग पावले ओळखणे सुरू झाले. वाहनांतून जाणाऱ्यांची ओळख फाटकावर घेतली जाई, पायी जाणाऱ्यांची जमीन घेई. शहरभर पाळत ठेवण्याची गरजच उरली नाही. रेषा बंद असेल, तर आतल्या बिंदूपासून बाहेरच्या बिंदूपर्यंत जाणारी कोणतीही वाट तिला कोठे ना कोठे छेदल्यावाचून राहू शकत नाही. हा भूमितीचा सिद्धांत आहे, आणि त्याच्या आधारावर एक कायदाही झाला. ज्याला शहरातून तडीपार केले, त्याच्यासाठी बाह्यवलय हीच हद्द. त्याचे पाऊल आत पडताच यंत्र ओरडे.

कौस्तुभाचे काम अजूनही तड्यांचे होते. परंतु यंत्राचा कान शाबूत आहे ना, हे तपासण्यासाठी कक्षातील प्रत्येकाने आपल्या घरच्यांची पावले नमुना म्हणून दिलेली होती, आणि महिन्यातून एकदा त्या ओळखीच्या पावलांच्या मूळ, प्रक्रिया न झालेल्या नोंदी तो चाळत असे; आजवर पाऊल जुळते ना, एवढेच पाहून तो पुढे जाई. नमुना द्यायच्या वेळी रेवती घराच्या गच्चीवर हसत हसत चालली होती.

“लग्नात माप ओलांडून घरात आले, तेव्हाची नोंद नाही का रे ठेवली कुणी?” असे तिने विचारले होते.

ते आता त्याला आठवले, आणि त्यापाठोपाठ दुसरेही आठवले. रेवती फिजिओथेरपिस्ट होती. अपघातात, आजारात चाल हरवलेल्या माणसांना ती पुन्हा चालायला शिकवी. टाच कशी टेकवायची, भार कोठे टाकायचा, हे तिच्याइतके शहरात फार थोड्यांना कळत असेल. आणि तिचा थोरला भाऊ जयवंत खुटवड गेल्या पावसाळ्यापासून तडीपार होता.

रेवतीच्या पावलांनी आत येणारे माणूस रेवतीच आहे, हे कशावरून?

सायंकाळी घरी आला तेव्हा ती खिचडीला फोडणी देत होती. त्याने तिच्या पायांकडे पाहिले. ते तिला दिसले.

“काय झालं? चप्पल घालून आले का आत?”

“नाही. गुरुवारी तुला दवाखान्यात उशीर होतो हल्ली.”

“होतो.”

“फार रुग्ण असतात?”

“एकच असतो. हट्टी आहे. चालायला लावलं तरी एकाच जागी उभा राहतो.” तिने गॅस बारीक केला आणि वळून नीट त्याच्याकडे पाहिले. “काही विचारायचंय का, कौस्तुभ?”

“नाही.”

“बरं,” ती म्हणाली. “पापड भाजते.”

जयवंताचे नाव त्या घरात काही महिने निघाले नव्हते. गेल्या आषाढात मांडव्याचा मरीआईचा गाडा निघाला, त्याच दिवशी सायंकाळी बाह्यवलयाच्या आतल्या बाजूस असलेल्या प्राधिकरणाच्या चौकीवर दगडफेक झाली आणि एका रखवालदाराचा डोळा गेला. मांडव्याचे जुने गाव वलयाच्या आत, शेते मात्र बाहेर. पायी ओलांडायला जागा वाढवून द्या, म्हणून जयवंत वर्षभर त्या चौकीशी भांडत होता. साहजिकच बोटे त्याच्याकडे वळली. तो म्हणाला, मी दुपारीच गाड्याबरोबर बाहेर रानात गेलो, रात्री तिथेच राहिलो. वलयाचे प्रमाणपत्र म्हणाले की तो सकाळी आत आला आणि बाहेर पडला तो दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर. म्हणजे सायंकाळी आतच होता. त्याला तडीपारीचा हुकूम मिळाला. त्या दिवशी रेवतीने कौस्तुभाला स्वयंपाकघरात एकच प्रश्न विचारला होता: “दादा गाडवाटेनं गेला होता. तुमची रेषा खरंच सगळीकडून बंद आहे?” आणि त्याने तत्काळ “हो” म्हटले होते.

दुसऱ्या दिवशी तो कक्षप्रमुख सुपेकर मॅडमच्या खोलीत गेला.

“मॅडम, मूळ नोंदींत निर्गमनाशिवाय आगमन आढळतंय.”

सुपेकर बिनसाखरेचा चहा पीत होत्या. “कुणाचं?”

“नमुन्याच्या पावलांचं.” कोणाच्या, ते त्याने सांगितले नाही.

“मग त्यात नवल काय? मुसळधार पाऊस असतो, शेजारून रोलर जातो, एखादं पाऊल हुकतं. माणूस आत आलं म्हणजे त्याआधी बाहेर गेलेलं असणारच. प्रणाली तसं गृहीत धरते आणि नोंद पुरी करते. गृहीत निर्गमन म्हणतात त्याला.”

“वेळ कोणती धरते?”

“पुन्हा आत येण्याच्या लगेच आधीची. खरी वेळ आपल्याला ठाऊकच नसते, मग कुठलीतरी धरायला नको?”

“आणि बाहेर जे प्रमाणपत्र जातं, त्यात ऐकलेलं कोणतं आणि गृहीत धरलेलं कोणतं, हे वेगळं दाखवतात?”

सुपेकरांनी कप खाली ठेवला. “ढमढेरे, तुम्ही तडे बघता ना? तडे बघा. आणि बरं झालं आलात ते. पुढच्या सोमवारी खुटवडचं अपील आहे. मूळ प्रमाणपत्र कायम असल्याचं पत्र द्यायचंय. त्यावर तुमची सही घ्यावी म्हणते.”

“माझी? तो माझा मेहुणा आहे.”

“म्हणूनच. सख्ख्या मेहुण्याविरुद्ध सही केलीत, तर तिच्यावर कोण संशय घेईल?” त्या हसल्या. “कायमच्या नेमणुकांची यादी माझ्याकडेच आहे, हेही लक्षात असू द्या.”

सही मागण्यामागे विश्वास आहे की भीती, याचा निर्णय त्याला करता येईना. जागेवर येऊन त्याने जयवंताच्या त्या दिवसाच्या मूळ नोंदी उघडल्या. सकाळचे आगमन ऐकलेले होते. दुसऱ्या दिवशीचे आगमनही ऐकलेले होते. दगडफेकीची बातमी कळून तो पुन्हा गावात आला होता आणि तिथेच पकडला गेला. या दोहोंमधले निर्गमन मात्र कोणी ऐकलेले नव्हते. प्रणालीने ते दुसऱ्या आगमनाच्या लगेच आधी ठेवून दिले होते, जणू तो माणूस उजाडल्यावर पादपुलावर चढला, बाहेर उतरला आणि त्याच श्वासात मागे फिरला. ज्या प्रमाणपत्राने त्याला हद्दपार केले, त्यातले निर्णायक वाक्य यंत्राने ऐकलेले नव्हते, रचलेले होते.

तरीही कौस्तुभाने घाई केली नाही. एखादे पाऊल हुकू शकते, हा सुपेकरांचा मुद्दा रास्त होता. म्हणून त्याने त्या दिवसाची मांडव्याची सर्वच पावले पाहिली, आणि बराच वेळ तो पडद्यापासून दूर सरकून बसला. त्या सायंकाळी अर्धे गाव पादपुलावरून आत आलेले होते. बाहेर मात्र त्यांच्यापैकी कोणीच गेलेले नव्हते.

एकाचे पाऊल हुकते. सबंध गावाची पावले एकाच दुपारी हुकत नाहीत. दोष कानाचा नव्हता. कोठेतरी कानच नव्हता.

बाह्यवलयाची आखणी ज्यांच्या हाताखाली झाली, ते दळवीसाहेब निवृत्त होऊन जुन्या पेठेत राहत होते. कौस्तुभ गेला तेव्हा ते गॅलरीत पावट्याच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी परातीतल्या अर्ध्या शेंगा त्याच्याकडे सरकवल्या.

“रिकाम्या हातानं बसू नका. काय, रस्ता कोणी आखला, हेच विचारायला आलात ना? दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी येतं. माहितीपुस्तिकेत माझं नाव आहे. खोटं आहे ते. रस्ता पटकीनं आखला.”

“पटकीनं?”

“कॉलऱ्यानं हो! त्याआधी प्लेगनं.” म्हाताऱ्याने शेंगेतली अळी दोन बोटांत धरून गॅलरीबाहेर फेकली. “पहिली रेषा विकास आराखड्यात होती. वाटी पालथी घालून काढावी तशी गोल. सुरेख. फक्त तिच्या खाली माणसं राहत होती. जिथं खुणेचा दगड पुरावा तिथं दुसऱ्या दिवशी स्थगिती. रेषा उत्तरेला सरकवली, तिकडून ओरड. दक्षिणेला सरकवली, तिकडे कुणाची तरी बाग निघाली. माझे केस तिथंच गेले. मग एकदा जुने गावनकाशे शेजारी शेजारी मांडून बसलो होतो, तर पिंपळोलीच्या हद्दीवरून एक पट्टा निघालेला दिसला. तो तळेठाणात शिरला, तिथून कुरणवाडीत. कुणाच्या नावावर नाही, कुणी नांगरलेला नाही. सगळ्या शहराला वळसा घालून गेलेला.”

“गाडवाट.”

“तुम्ही मांडव्याचे जावई दिसता. हां, गाडवाट. गावात साथ आली की मरीआईचा गाडा करायचा. चार लाकडी चाकं, वर लिंबाचा पाला, हिरव्या बांगड्या, नारळ. गावानं तो ओढत शिवेवर न्यायचा आणि तिथं सोडून यायचं. पुढच्या गावाला तो आपल्या शिवारात राहू देणं परवडायचं नाही. ते त्यांच्या पुढच्या शिवेवर नेणार. शहराच्या वेशी तर त्याला बंदच. मग काय, रोग फिरला शहराभोवती, गावागावानं ढकलला तसा. त्यानं जी वाट पाडली तिच्यावर कुणी नांगर घातला नाही, आणि नांगर घातला नाही म्हणून दावाही लावला नाही. मी तिच्यावर रस्ता टाकला. एक खटला नाही झाला.”

“आणि मांडव्याला?”

“मांडव्याला ही वाट वळसा सोडून बाहेर नदीकडे जाते. शेवटची शीव. तिथं गाव आडवं आलं. म्हणाले, रस्ता वरून न्या. पण या वाटेला पहार लावायची नाही आणि ती अडवायची नाही. म्हणून तिथं उड्डाणपूल आहे. तुम्हाला काय वाटलं, शोभेसाठी बांधला?”

कौस्तुभाच्या हातातली शेंग तशीच राहिली. “मग तंतू?”

“पुरायचा तर पहार लागते. वरून नेला, पुलाच्या कठड्यातून.”

“म्हणजे पुलाखालून कुणी चाललं तर—”

“पूल खांबांवर थेट बसत नाही, ढमढेरे. मध्ये रबराच्या जाड गाद्या असतात. भूकंपात खालचा हादरा वर जाऊ नये म्हणून. खालून हत्ती नेलात तरी वर समजायचं नाही. मी तसं कळवलं होतं. उत्तर आलं की सदर वाट वर्षातून एकदाच आणि फक्त बाहेर जाण्यासाठी वापरली जाते. सबब दुर्लक्ष करण्यास हरकत नाही.”

“फक्त बाहेर जाण्यासाठी का?”

“ते तुमच्या बायकोला विचारा,” दळवी म्हणाले. “मला तर वाटलं होतं, तिला विचारूनच आला असाल.”

त्याने विचारले नाही. आता त्याचा संशय मावळायला हवा होता. उलट त्याने नवे रूप घेतले. रेवती गाडवाटेने बाहेर जाते, हे निश्चित झाले. पण चोरून का? जी वाट यंत्राला ऐकू येत नाही, तिच्यावरून जाणाऱ्या बाईला काहीतरी ऐकू जाऊ द्यायचे नाही, असाच त्याचा अर्थ होतो. आणि ती जाऊ शकते, तर जयवंत येऊ शकतो. कदाचित रोज येतही असेल. कदाचित त्या दगडफेकीच्या सायंकाळीही असाच परत आलेला असेल. वाट उघडी आहे एवढ्यावरून माणूस निर्दोष ठरत नव्हता. उलट त्याच्यावर ठेवण्याजोगा आरोप वाढत होता. गुरुवारपर्यंतचे दिवस कौस्तुभाने असा दोन्ही बाजूंनी वाद घालण्यात घालवले. रेवतीने एकदोनदा काहीतरी बोलायला तोंड उघडले आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहून मिटले.

गुरुवारी दुपारी तो जुन्या मांडव्याच्या शेवटच्या भिंतीआड उभा राहिला. स्वतःच्या बायकोची वाट अशी चोरासारखी पाहताना त्याला लाज वाटत होती, आणि ती आल्यावर ती लाज नाहीशी झाली. खांद्याला कापडी पिशवी लावून ती सरळ चालत आली आणि पुलाखाली शिरली. मागे वळून तिने पाहिले नाही. त्याने अंतर राखून पाठलाग केला.

पुलाखाली गारवा होता. वर ट्रक धडधडत होते. त्यांचा आवाज खांबांतून खाली येत नव्हता, आभाळातून येत होता. पायाखाली बारीक, मऊ धूळ होती. वाळलेला लिंबाचा पाला, नारळाच्या करवंट्या, फुटक्या बांगड्यांचे हिरवे तुकडे जागोजाग पडलेले होते. शहराभोवतालच्या सबंध वर्तुळात न ऐकणारी एवढीच जागा होती. तेथून चालताना आपण ऐकले जात नाही, ही जाणीव कौस्तुभाला नोकरीला लागल्यापासून प्रथमच झाली. आणि ती सुखाची वाटली, याचा त्याला राग आला.

बाहेर कांद्याच्या शेताच्या बांधावर पत्र्याची खोली होती. जयवंत दारात फवारणीचा पंप उघडून बसला होता. त्याने मान वर केली.

“या दाजी! लई उशीर केलात.”

रेवती वळली. तिच्या चेहऱ्यावर दचकणे नव्हते. कौस्तुभाने तेच दचकणे पाहायची तयारी केली होती. ते न दिसल्यामुळे तोच गोंधळला.

“तुला ठाऊक होतं मी मागे आहे?”

“आज नव्हतं ठाऊक,” ती म्हणाली. “पण येशील कधीतरी, एवढं ठाऊक होतं. कितवा गुरुवार ते मोजायचं मी सोडून दिलं होतं.”

“बसा की,” जयवंत म्हणाला. “बाजेवर बसा, पण मधे नका बसू, सुतळी तुटलीय. पाणी देऊ का आधी गुन्हा सांगू?”

कौस्तुभ बसला नाही. “रेवती, हे काय चाललंय? तू त्या वाटेनं बाहेर येतेस आणि पादपुलावरून परत जातेस. नुसती त्याच वाटेनं मागे आली असतीस, तर जगात कुणाला पत्ता लागला नसता.”

“गाडवाटेनं परत यायचं नसतं. जे शिवेबाहेर टाकायला गेलो तेच पावलांना लागून मागं येतं. गाड्याच्या दिवशी सगळं गाव वळसा घालून येतं, आजही.”

“आणि या चालीरीतीपायी तू—”

“चालीरीतीपायी नाही, तुझ्यापायी.” तिचा आवाज चढला नाही. “दर महिन्याला माझी पावलं तू काढून बघतोस. मीच दिलीत ना ती, गच्चीवर चालून? गेल्या आषाढात मी तुला तोंडानं सांगितलं की दादा गाडवाटेनं गेला होता. तू म्हणालास, रेषा बंद आहे. माझ्याकडे बघितलंही नाहीस. मग म्हटलं, हा ज्याचं ऐकतो त्यालाच सांगू. आत आले, बाहेर गेलेच नाही. आत आले, बाहेर गेलेच नाही. एवढं एकच वाक्य मी इतके महिने तुझ्या यंत्राला सांगतेय.”

कौस्तुभाने मागे वळून पुलाकडे पाहिले.

“मला वाटलं, पहिल्या महिन्यातच विचारशील,” ती म्हणाली. “विचारलंस तर सगळं सांगणार होते. तू माझ्या पायांकडे बघायला लागलास.”

“मी... मला वाटलं, तुझ्या चालीनं हे आत येतायत.”

जयवंत एवढ्या मोठ्याने हसला की बांधावरचे बगळे उडाले. “हिच्या चालीनं? मी? दाजी, हिला लहानपणी आम्ही बदक म्हणायचो!”

“दादा!”

“मग आला नाहीत?” कौस्तुभाने रोखून विचारले. “ही वाट उघडी आहे. तुम्हाला कुणी ऐकणार नव्हतं. आई तिकडे एकट्या आहेत. एकदाही आला नाहीत?”

जयवंताचे हसू ओसरले. पुलापलीकडे जुन्या गावातली कौले दिसत होती. त्यांतल्या एकाकडे त्याने हात केला. “ते आईचं घर. सकाळी चुलीचा धूर निघाला की समजायचं, बरी आहे. मागल्या महिन्यात दोन दिवस निघाला नाही. मी पुलाखाली जाऊन उभा राहिलो. तिथनं परत फिरलो.”

“कायद्याला भिऊन, की गाड्याला?”

“तुम्ही मरताना यमाची पण उलटतपासणी घ्याल, दाजी. आईला भिऊन. त्या वाटेनं घरी गेलो असतो, तर तिनं दारातनंच हाकललं असतं. ताप उतरायच्या आधी काठी घेतली असती हातात.”

कौस्तुभ बाजेच्या कडेला बसला. रेवतीने पिशवीतून डबा काढला. त्यात आईने केलेले कोंड्याचे सांडगे होते. जयवंताने ते मोजले नाहीत, नुसता डब्याचा वास घेऊन झाकण लावून ठेवला. तेवढ्या वेळात कौस्तुभाने मनातल्या मनात सोमवारचे अपील उभे केले, आणि ते पडताना पाहिले.

“याचा उपयोग होणार नाही,” तो म्हणाला. “आरोपीची सख्खी बहीण मुद्दाम पुरावा तयार करत होती, असं म्हणतील. गाव तर त्याचंच. आणि आतापर्यंतची प्रत्येक जागा प्रणालीनं गृहीत निर्गमनानं भरून टाकलीय. सुपेकर म्हणतील, पाऊल हुकलं.”

“कुणाचं पाऊल हुकलं असं त्यांना म्हणता येणार नाही?” रेवतीने विचारले.

या प्रश्नाचे उत्तर त्याला ठाऊक होते. श्रवणकक्षात यंत्राला सर्वांत प्रथम जी पावले शिकवली, ती कक्षातील माणसांचीच होती. त्याच्या पावलांवरून यंत्राचा कान जुळवला जाई. ती हुकतात असे म्हणणे, म्हणजे यंत्र बहिरे आहे असे म्हणणे.

“मी पुलाखालून परत गेलो, तर मी आज कुठेच गेलो नाही,” तो सावकाश म्हणाला. “पादपुलावरून गेलो, तर...”

“तर नोकरी जाईल,” रेवती म्हणाली. “मी तुला जा म्हणणार नाही. पण या खेपेला निदान माझ्यासमोर ठरव.”

“वाट पण जाईल,” तो जयवंताला म्हणाला. “एकदा हे उघड झालं की ते तिथं तंतू पुरतील. पहार लावतील.”

“आधी आईच्या चुलीसमोर बसून चहा पिऊ दे मला,” जयवंत म्हणाला. “पहारीचं गाव बघेल. ऐकायचंच असेल तर ऐका म्हणावं आमचे ढोल.”

ऊन कलले तेव्हा ते पादपुलापाशी आले. पायऱ्यांशी कौस्तुभ थांबला.

“तू थोडी मागे राहा. पावलं एकमेकांत मिसळायला नकोत.”

“बरं. आणि कौस्तुभ, यापुढे संशय आला तर घे. पण तोंडावर घे.”

“घेईन,” तो म्हणाला. मग, गंभीरपणे: “मागल्या रविवारची आमटी खारट होती, ती मुद्दाम का?”

“हो,” ती म्हणाली. “चल आता.”

तो पूल चढला. इतक्या वर्षांत त्याने शेकडो माणसांची पावले पाहिली होती, पण आपण चालतो कसे याकडे कधी लक्ष दिले नव्हते. आता लक्ष देताच चाल बिघडू लागली. मग त्याने मान वर केली, खालून जाणाऱ्या वाहनांकडे पाहिले, आणि बाह्यवलयाच्या कानावरून, ऑफिसातून घरी जाणारा माणूस चालतो तसा चालत आत उतरला.

शुक्रवारी सकाळी त्याने स्वतःची नोंद उघडली. आगमन: ऐकलेले. त्याच्या वरची ओळ रिकामी होती आणि तिच्याशेजारी प्रणालीचा नम्र प्रश्न लुकलुकत होता: गृहीत निर्गमन नोंदवावे काय? इतकी वर्षे हा प्रश्न कोणालाच विचारला जात नव्हता. मूळ नोंदींच्या तळाशी, जिथे कोणी उतरत नसे, प्रणाली तो आपणच स्वतःला विचारून आपणच ‘होय’ म्हणत असे. कौस्तुभाने ‘नाही’ निवडले. प्रणालीने कारण मागितले. त्याने लिहिले: ऐकले नाही.

मग त्याने रेवतीचे सगळे गुरुवार उघडले आणि तेच केले. गाड्याच्या दिवशीचे अर्धे मांडवे उघडले आणि तेच केले. शेवटी जयवंत खुटवड. प्रमाणपत्राचा नवा मसुदा त्याने दोन रकान्यांत मांडला, ऐकलेले एकीकडे आणि गृहीत धरलेले दुसरीकडे. आपण आरोपीचे मेहुणे आहोत आणि काल कोणत्या वाटेने गेलो व कोणत्या वाटेने आलो, हेही खाली नोंदवले. त्यावर सही करून त्याने ते अपिलाकडे रवाना केले, आणि एक प्रत सुपेकरांना.

त्या स्वतः उठून त्याच्या जागेपाशी आल्या. एवढ्या वर्षांत असे प्रथमच घडत होते. कक्षातल्या बाकीच्यांनी माना वर केल्या.

“ढमढेरे, हे काय पाठवलंत? परत मागवा. आत्ताच्या आत्ता. पुलाखालून कुणी गेलं तर आपल्याला कळत नाही, असं लिहिलंय तुम्ही. हे तुम्ही कशाच्या आधारावर म्हणता?”

कौस्तुभाने पडदा त्यांच्याकडे फिरवला.

“मॅडम, तुम्हीच सांगा. काल मी शहराबाहेर गेलो होतो का?”

सुपेकरांनी नोंद वाचली. एकदा वाचली, मग पुन्हा वाचली. कौस्तुभ वाट पाहत होता, आणि कक्षातले बाकीचे सर्वजण पाहत होते. माघारी वळून त्या आपल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतले. पण त्याआधी, जाताना, कक्षाच्या फरशीवर पडणाऱ्या स्वतःच्याच पावलांकडे त्यांनी क्षणभर पाहिले.